नदीकाठच्या मातीतले जड धातू: नमुना घेण्यापासून पीक ठरवण्यापर्यंत

जमीन आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासलेल्या असतात: सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लपणा), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. ही योजना २०१५ साली सुरू झाली. नदीकाठी पालक, माठ, मुळा लावणारे शेतकरी ती पत्रिका दाखवून विश्वासानं सांगतात की आमची माती तपासलेली आहे. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, आर्सेनिक यांतलं एकही नाव त्या बारांत नाही. खतं किती द्यायची हे ठरवायला ती पत्रिका आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे. विषाचा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

दुसरी गफलत प्रदूषित नद्यांच्या यादीमुळे होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात. ही यादी जैविक ऑक्सिजन मागणीवर, म्हणजे मुख्यतः सांडपाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीवर बेतलेली आहे. नदी यादीत आहे म्हणून काठच्या मातीत धातू असतीलच असं नाही, आणि यादीत नाही म्हणून नसतील असंही नाही. दोन्ही बाजूंनी फसायला होतं, म्हणून आपल्या शेताची तपासणी आपणच करायची.

पुढे सगळी पद्धत क्रमानं देतो. उदाहरणाला उल्हास नदीचं खोरं घेतलं आहे. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणकडे जाते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ तिच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला भातशेती आणि वाल, खालच्या अंगाला औद्योगिक वसाहती आणि दाट वस्ती, त्यापुढे खारं पाणी. महाराष्ट्रातल्या नदीकाठाचे बहुतेक प्रश्न या एका खोऱ्यात बघायला मिळतात.

आधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन या

मातीला हात लावण्याआधी एक दिवस नदीला द्या. शेतापासून उगमाच्या दिशेनं दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत कोणते नाले येऊन मिळतात आणि त्या नाल्यांवर काय आहे, ते वहीत उतरवा. प्रयोगशाळा प्रत्येक धातूचे वेगळे पैसे घेते, त्यामुळे काय शोधायचं हे आधी ठरलेलं बरं.

इलेक्ट्रोप्लेटिंगची युनिटं असतील तर क्रोमियम, निकेल, जस्त आणि कॅडमियम बघा. कातडी कमावण्यात क्रोमियमचे क्षार वापरतात. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवण्याचं काम जवळपास चालत असेल तर शिसं सगळ्यात आधी. व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यात जस्ताचा सल्फेट लागतो. कॉस्टिक सोडा पूर्वी पाऱ्याच्या घटांत बनवत, त्यामुळे तसा जुना कारखाना वरच्या अंगाला होता का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली तरी पारा गाळात राहतो. हायवेलगतच्या पट्ट्यात शिसं असण्याचं कारणही जुनं आहे: आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधी पडलेलं शिसं मातीतून कुठे गेलेलं नाही. मूर्ती विसर्जनाचा घाट शेताला लागून असेल तर रंगांतले धातूही ध्यानात घ्या.

एवढी माहिती मिळाली नाही तर सरसकट कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त हे सहा आणि जोडीला लोह तपासून घ्या. आर्सेनिक आणि पारा संशय असेल तरच. लोह कशासाठी, ते पुढे येईल.

शेताचे तुकडे पाडा

इथे बहुतेकांची चूक होते. एका एकराचा एकच नमुना काढला जातो, नदीकडेची वाईट माती वरच्या चांगल्या मातीत मिसळते आणि अहवाल ‘ठीक’ येतो.

धातू पाण्यापेक्षा बारीक गाळाला जास्त धरून असतात. वाळूच्या कणांवर ते फारसे बसत नाहीत, चिकणमातीवर बसतात. म्हणून जिथे पाणी संथ होऊन बारीक गाळ टाकतं तिथेच ते साठतात: वळणाच्या आतल्या अंगाला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, शेतातल्या खोलगट कोपऱ्यात आणि मोटरीचं पाणी पहिल्यांदा पडतं त्या दंडाच्या तोंडाशी. ही शेवटची जागा मी कधीच सोडत नाही. पूर वर्षातून एकदा येतो, मोटर मात्र हिवाळा-उन्हाळा रोज गाळ आणत असते.

तेव्हा शेताचे निदान चार भाग करा. दरवर्षी पाण्याखाली जाणारा काठाचा पट्टा, फक्त मोठ्या पुरात बुडणारा मधला भाग, कधीच न बुडणारा उंच भाग आणि पाटाच्या तोंडाजवळचे वाफे. जुन्या लोकांना २००५ च्या २६ जुलैचं पाणी कुठवर आलं होतं ते पक्कं आठवतं. पाटबंधारे खात्यानं पूररेषा आखल्या असतील तर निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. त्यांचाही उपयोग करा.

पाचवा नमुना शेताबाहेरचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. त्याच गावातली, त्याच जातीची माती, पण पूररेषेच्या वरची, नदीचं पाणी कधी न घेतलेली, डांबरी रस्ता, वीटभट्टी आणि रंगवलेल्या पत्र्याच्या शेडपासून लांबची. देवराईच्या कडेची किंवा जुन्या गवताळ माळाची माती उत्तम. याला आपण तुलनेचा नमुना म्हणू.

नमुना घेताना

प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, माती खरवडून काढू नका, कारण धातू वरच्या थरातच जास्त असतात. व्ही आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका कडेचा बोटभर जाड काप वरपासून खालपर्यंत काढा. एका भागातले सगळे काप एकत्र करा. काठाच्या पट्ट्यात त्याच खड्ड्यांतून पंधरा ते तीस सेंटिमीटरचा वेगळा नमुनाही घ्या. वरचा थर जास्त आणि खालचा कमी निघाला, तर धातू अलीकडे, वरून आलेला आहे असा अंदाज बांधता येतो.

हत्यारांकडे लक्ष द्या. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं नको, रंग दिलेलं फावडं नको, पितळी चाळणी तर अजिबात नको, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. स्टेनलेस स्टीलचं खुरपं, प्लास्टिकचं टोपलं, नायलॉनची चाळणी आणि स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या एवढं पुरे. माती वर्तमानपत्रावर वाळत घालू नका, कोऱ्या प्लास्टिकच्या कागदावर सावलीत पसरा. मग ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा, असं अर्धा किलो उरेपर्यंत करा.

पाऱ्यासाठीचा नमुना तापवून सुकवायचा नसतो, पारा उडून जातो. सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपासाठी, नमुना ओलसर, थंड ठेवून लवकर पोचवावा लागतो. या दोन्हींसाठी आधी प्रयोगशाळेला फोन करा आणि ती सांगेल त्याच डब्यात नमुना न्या.

एक युक्ती जरूर करा. एका नमुन्याचे दोन भाग करून त्यांना दोन वेगळे क्रमांक द्या आणि प्रयोगशाळेला ते सांगू नका. दोन्ही आकड्यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर त्या अहवालावर पुढचे निर्णय घेण्याआधी तपासणी पुन्हा करून मागा.

प्रयोगशाळेत काय मागायचं

एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मिळणारी राष्ट्रीय मान्यता आहे का, आणि ती मातीतल्या धातूंसाठी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला या चार कृषी विद्यापीठांच्या मृदशास्त्र विभागांत आधी चौकशी करायला हरकत नाही.

तपासण्या दोन प्रकारच्या मागवा. पहिली एकूण धातूची: माती आम्लराजासारख्या तीव्र आम्लात उकळतात आणि द्रावण एएएस किंवा आयसीपी यंत्रावर मोजतात. दुसरी डीटीपीए अर्काची: पिकाला सहज मिळू शकेल असा धातूचा वाटा तिच्यातून कळतो. जमीन आरोग्य पत्रिकेतलं जस्त-तांबं याच अर्कातून मोजलेलं असतं. सोबत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीचं प्रमाण. हातात धरायच्या, क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्रानं जागेवर तपासून देतो म्हणणारे भेटतील. शिसं, जस्त, तांब्यासाठी ते ठीक आहे. कॅडमियम मात्र एक-दोन मिलिग्रॅमलाही काळजीचा असतो आणि इतकं कमी प्रमाण त्या यंत्राला दिसत नाही.

अहवाल कसा वाचायचा

आकडे मिलिग्रॅम प्रति किलो असतात, त्यालाच पीपीएम म्हणतात. आपल्याकडच्या अभ्यासांत सर्रास वापरली जाणारी भारतीय मर्यादा अशी आहे: कॅडमियम ३ ते ६, शिसं २५० ते ५००, निकेल ७५ ते १५०, तांबं १३५ ते २७०, जस्त ३०० ते ६००. युरोपची १९८६ ची, सांडपाण्याचा गाळ घातलेल्या शेतजमिनीसाठीची मर्यादा पुष्कळ कडक आहे: कॅडमियम १ ते ३, शिसं ५० ते ३००, निकेल ३० ते ७५, तांबं ५० ते १४०, जस्त १५० ते ३००.

आता हे आकडे घेऊन थेट आपल्या अहवालावर बसवले की गोंधळ होतो, कारण आपण काळ्या कातळावर राहतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर असतं. या खडकापासून बनलेल्या अगदी स्वच्छ मातीतही तांबं शंभरच्या वर सहज जातं. युरोपची मर्यादा लावली तर कुणाचं काही न घेतलेला माळही दोषी ठरेल. उलट बेसॉल्टमध्ये कॅडमियम आणि शिसं फार कमी असतं, त्यामुळे त्यांचा आकडा मर्यादेच्या आत असूनही तो बाहेरून आलेला असू शकतो.

म्हणून तुलनेचा नमुना. समजण्यापुरते मनातले आकडे घेऊ. काठाच्या पट्ट्यात तांबं १६०, तुलनेच्या मातीत १५०. याचा अर्थ तांबं कातळाचं आहे, नदीनं आणलेलं नाही. त्याच पट्ट्यात कॅडमियम १.८ आणि तुलनेच्या मातीत ०.३. मर्यादा ३ ची असली तरी इथे सहापट वाढ झाली आहे आणि ती कुठून तरी चालूच आहे. माझं लक्ष या दुसऱ्या आकड्याकडे जाईल.

तुलना आणखी चोख करायची तर लोह मदतीला येतं. चिकणमाती जास्त तिथे सगळेच धातू जास्त दिसतात. म्हणून धातूला लोहानं भागा, काठासाठी एकदा आणि तुलनेच्या मातीसाठी एकदा, आणि पहिल्या भागाकाराला दुसऱ्यानं भागा. उत्तर २ च्या खाली असेल तर सहसा निसर्गाचाच फरक. त्याहून जसजसं वर जाईल तसतसा माणसाचा हात स्पष्ट होतो.

यानंतर सामू बघा, कारण धातू मातीत असणं आणि पिकात जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. देशावरच्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, चुनखडी असते, चिकणमाती धातूला घट्ट धरते. कोकणातली तांबडी, जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिथे तेवढंच कॅडमियम कितीतरी सहज मुळांत शिरतं. खाडीलगत, खारं पाणी चढतं तिथे, मिठातल्या क्लोराइडशी जोडी जमवून कॅडमियम आणखी मोकळं होतं. म्हणजे कल्याणच्या खाडीकाठचा १ मिलिग्रॅम आणि पंचगंगेकाठच्या काळ्या मातीतला १ मिलिग्रॅम सारखे नाहीत.

भाजीच तपासा

जमलं तर मातीच्या जोडीनं पिकाचाही नमुना द्या. घरी धुतो तशी भाजी धुवून द्या. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, कमाल मर्यादा ताज्या वजनावर किलोला शिसं ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आहे. अहवाल ताज्या वजनावर आहे की कोरड्या, हे विचारल्याशिवाय घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा दहापटीहूनही मोठा दिसतो.

कोणतं पीक कुठे

कॅडमियम पानांत चढतं. पालक, माठ, राजगिरा आणि मोहरीवर्गातल्या भाज्या ते ओढून घेण्यात पुढे आहेत, सूर्यफूलही. शिसं आणि क्रोमियम बहुतेक मुळांशीच अडतात. पानांवर सापडणारं शिसं पुष्कळदा उडालेली धूळ आणि पावसाच्या थेंबानं उसळलेला चिखल असतो. फळभाज्यांत आणि शेंगांत धातू सगळ्यात कमी पोचतात.

तेव्हा काठाच्या पट्ट्यातून पालेभाजी आणि मुळा-गाजर उचला आणि उंच भागात न्या. काठाला मांडवावर दुधी, दोडका, कारली, काकडी घ्या. भेंडी चालेल, वाल-चवळी चालेल. आकडे फारच जास्त असतील तर झेंडू, मोगरा, बांबू किंवा रोपवाटिका. जमिनीवर पेंढ्याचं आच्छादन घाला, म्हणजे चिखल पानांवर उडत नाही. काठाचं गवत जनावरांना घालताना चिखल झटकून, धुवून घाला, कारण गुरं गवताबरोबर बरीच माती खातात.

भाताचं वेगळं आहे. खाचरात पाणी साठलेलं असताना कॅडमियम बांधलं जातं, पाणी काढलं की मोकळं होतं. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीकाठच्या भातातून कॅडमियम लोकांच्या हाडांत आणि मूत्रपिंडांत गेलं. इताई-इताई नावानं ओळखला जाणारा तो आजार प्रदूषणामुळेच झाल्याचं तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. तिथली ८०० हून अधिक हेक्टर शेतजमीन पूर्ववत करायला तीन दशकं लागली. जपानी शेतकरी आता लोंबी येण्याच्या आधी आणि नंतर सुमारे तीन आठवडे खाचरात पाणी राखतात. आपल्याकडेही संशयित शेतात पाणी लवकर सोडू नका. आर्सेनिक असेल तर मात्र याच्या उलट होतं, साठलेल्या पाण्यात ते मोकळं होतं, म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय हा उपाय करू नये.

माती आणि पाणी सुधारताना

कोकणातल्या आम्ल मातीत चुना घालून सामू ६.५ ते ७ पर्यंत आणला की कॅडमियम, शिसं, जस्त, निकेल पिकाला कमी मिळतात. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. काळ्या मातीत चुना घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आर्सेनिक आणि सहा संयुजेच्या क्रोमियमवर चुन्याचा उपाय चालत नाही, सामू वाढला की ते उलट मोकळे होऊ शकतात. चांगलं कुजलेलं शेणखत सगळीकडे घालावं. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत पीक कॅडमियम जास्त घेतं, म्हणून जमीन आरोग्य पत्रिकेतला जस्ताचा रकाना इथे कामाला येतो. शहरी कंपोस्ट विकत घेत असाल तर खत नियंत्रण आदेशातली मर्यादा बघा: कॅडमियम ५, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून गाळ आणणाऱ्यांनीही, त्या तलावात शहराचं किंवा कारखान्याचं पाणी येत असेल, तर एक ट्रॉली उचलण्याआधी नमुना द्यावा.

मोटरीचा फूट व्हॉल्व्ह तळापासून अर्धा-पाऊण मीटर वर उचला. पाणी थेट वाफ्यात न सोडता छोट्या हौदात निवू द्या. मृगाच्या पहिल्या सरींनंतर नदीला येणारं गढूळ पाणी रस्त्यांवरची आणि गटारांतली वर्षभराची धूळ घेऊन येतं, ते आठवडाभर घेऊ नका. काठावरची विहीर बहुधा नदीचंच पाणी ओढते, पण जमिनीतून गाळून आल्यामुळे तिच्यात गाळ कमी असतो.

पूर ओसरल्यावर घाई करायची ती इथे. वर बसलेला नवा गाळ नांगरण्याआधी तपासा. दोन-तीन सेंटिमीटरचा थर असेल आणि संशय असेल तर तो खरवडून बांधाच्या बाहेर, पाण्यात परत जाणार नाही असा झाकून ठेवा. एकदा नांगर फिरला की तो थर वेगळा काढता येत नाही.

झाडं लावून माती स्वच्छ करून देतो, असं सांगणाऱ्यांचा हिशोब मात्र स्वतः करा. एका हेक्टरची पंधरा सेंटिमीटर माती सुमारे २० लाख किलो भरते. तिच्यातला १ मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचा म्हणजे २ किलो काढायचं. १० टन कोरडा पाला देणाऱ्या आणि किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियम घेणाऱ्या पिकातून एका वेळी निघतं २० ग्रॅम. म्हणजे शंभर पिकं, आणि तो पाला जाळायचा नाही, गुरांना घालायचा नाही. काठाची धूप थांबवायला वाळा जरूर लावा, पण मातीतून कॅडमियम निघून जाईल या भरवशावर लावू नका.

घरात

धातू शिजवून जात नाहीत. भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा, बाहेरची पानं काढा, कंदमुळं सोलून घ्या. शिशाचा सगळ्यात मोठा धोका लहान मुलांना, आणि तोही बहुतेक वेळा मातीचे हात तोंडात गेल्यानं. शेतातल्या चपला दाराबाहेर ठेवा, रांगत्या मुलाला काठाच्या मातीत सोडू नका.

कागदपत्रं

तुम्ही घेतलेला नमुना तुमच्या निर्णयासाठी आहे. कायदेशीर पुरावा म्हणून जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुना लागतो. म्हणून आपला अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी मागणी करा, पोच घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडा. वरच्या अंगाच्या कारखान्यांची संमतिपत्रं माहिती अधिकारात मागा. दूषित जागांबाबतचे केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ च्या जुलैमध्ये आले असून संशयित जागांची माहिती वर कळवण्याचं काम जिल्हा प्रशासनाकडे दिलेलं आहे, तेव्हा अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

अहवाल वाईट आला तर आपली भाजी कोण घेणार, जमिनीचा भाव पडेल, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. त्यावर मला एकच वाट चांगली वाटते: एकट्यानं तपासू नका. काठावरच्या आठ-दहा खातेदारांनी मिळून नमुने द्यावेत, तुलनेचा नमुना सगळ्यांचा एकच घ्यावा, खर्च वाटून घ्यावा आणि भाजी कुणी कुठे लावायची हे मृग लागायच्या आधी बसून ठरवावं. नमुने उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये घेतले तर तोवर अहवाल हातात येतो.